अजून इथंच?

दरवर्षी गणपतीला महाप्रसादाची जेवणं झाली, मोठी पातेली घासून पालथी घातली, की आपल्याकडे कुणीतरी पु. लं.ना बोलावतं. पूर्वी कॅसेट असायची, मग सीडी आली, आता कुणाच्या तरी फोनवरून ते हॉलच्या स्पीकरवर येतात. बहुतेक वेळा फर्माईश ठरलेली असते: तुम्हाला कोण व्हायचंय, मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर? सगळ्यांचं पाठ आहे, तरी सगळे हसतात. ज्या जागी पुणेकर हसतात त्या जागी नागपूरकर जरा जास्तच हसतात, आणि पुढच्या जागी त्याची परतफेड होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आमच्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "काका, ह्यात बाकीचे कुठे आहेत?" तिचे आईवडील लातूरचे. प्रश्न साधा होता, पण उत्तर सुचेना. मग गंमत म्हणून हात वर करायला सांगितले. मुंबई, पुणे, नागपूर मिळून हॉलमधले निम्मेही हात वर झाले नाहीत. उरलेले धुळ्याचे, चंद्रपूरचे, इचलकरंजीचे, बेळगावचे, नांदेडचे. आणि पुण्याचे म्हणून जे हात वर झाले त्यांतले निदान तीन मला माहीत होते, जे पुण्यात फक्त चार वर्षं इंजिनिअरिंगला होते. मी स्वतः सांगलीचा. पण अमेरिकेत कुणी मराठी माणसानं "तुम्ही कुठले?" असं विचारलं की मीसुद्धा कैक वर्षं "पुण्याजवळचा" असं सांगत आलो आहे. सांगली पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात युरोपात देश बदलतात.

त्या मुलीचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मराठी साहित्यात, नाटकात, सिनेमात बाकीचे कुठे आहेत? खेडं आहे, भरपूर आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून शंकर पाटील, द. मा. मिरासदारांपर्यंत खेड्यानं मराठी वाचकाला श्रीमंत केलं. महानगर आहे, त्याच्या चाळी, झोपड्या, लोकल गाड्या, गिरण्या आहेत. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर तर केवढा गदारोळ झाला. पण खेडं आणि महानगर ह्यांच्या मध्ये जे आहे, जिथे एक कलेक्टर कचेरी, दोन-तीन कॉलेजं, एक नाट्यगृह, एक मार्केट यार्ड आणि संध्याकाळी फिरायला जाण्याचा एकच ठरलेला रस्ता असतो, ते मधलं शहर? आपल्यापैकी बरेच जण तिथूनच आलो. त्या शहरात राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगितलं, आणि कुणाच्या तोंडून सांगितलं? गेल्या काही वर्षांत मी ह्या दृष्टीनं जे वाचलं, पाहिलं, त्यातून एक तक्रार तयार झाली आहे. ती पुढे मांडतो.

पु. लं.पासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्यावर अन्याय नको. त्या तीन शहरांच्या गमतीत लहान शहरं नाहीत हे खरं, पण त्यांच्या सर्वोत्तम लेखनातल्या दोन माणसांचा पत्ता लहान शहराचाच आहे. अंतू बर्वा रत्नागिरीचा आणि रावसाहेब बेळगावचे. १९६५ साली 'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्या पुस्तकातला सगळ्यांत लक्षात राहणारा माणूस कोण, असं विचारलं तर दहांतले सहा जण अंतू बर्व्याचं नाव घेतील. अंतूची जीभ तिरकी. त्याला कुणाचंच कौतुक नाही, ना गांधींचं, ना नेहरूंचं, ना मुंबईत स्थिरावलेल्या स्वतःच्या मुलाचं. पण पु. ल. थोर लेखक का आहेत ते विजेच्या प्रसंगात कळतं. गावात वीज आलेली असताना घरात दिवा न घेण्याचं अंतू जे कारण देतो, ते ऐकून आपण आधी हसतो आणि मग आपलंच हसू घशात अडकतं. त्या एका प्रसंगात त्याचं गळकं घर, एकटेपण आणि मानीपणा सगळं येऊन जातं. विनोद हे त्या माणसाचं छप्पर आहे, आणि ते उडालं तर खाली काय आहे हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे.

रावसाहेबांचं तसंच. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, तिथे त्यांना हा कानडी वळणाचं मराठी बोलणारा, लिंग-वचनाची पर्वा न करणारा, शिव्यांतून माया करणारा गाण्यानाटकाचा वेडा माणूस भेटला. बेळगाव १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. नकाशावरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या भाषा एकाच माणसाच्या तोंडात कशा सुखानं नांदतात, हे त्या लेखाइतकं कुठल्याही सीमाप्रश्नाच्या पुस्तकानं मला सांगितलं नाही.

मग तक्रार कसली? तक्रार माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ताई जन्मभर सांगलीत राहिली. एकदा फोनवर मी तिला कौतुकानं सांगत होतो, की परवा मंडळात 'अंतू बर्वा' ऐकला आणि आपल्या गल्लीतल्या अमक्या काकांची आठवण झाली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला तिकडं बसून आम्ही सगळे अंतू बर्वेच वाटतो की काय रे?"

मला ते तेव्हा लागलं. पण नंतर पुन्हा वाचताना लक्षात आलं, की तिनं बोट बरोबर जागी ठेवलं होतं. पु. ल. रत्नागिरीत जावई म्हणून जातात. सुनीताबाईंचं माहेर तिथलं. बेळगावात ते नोकरीपुरते जातात. दोन्हीकडे त्यांचं परतीचं तिकीट खिशात आहे. जो चार दिवस येतो त्याला माणसं वल्ली दिसतात, कारण त्याला त्यांच्याबरोबर रोज घंटागाडीची वाट बघायची नसते. अंतू सांगतो, रावसाहेब सांगतात, पण ऐकणारा आणि लिहिणारा नेहमी बाहेरून आलेला आहे आणि गोष्ट संपताना तो गावाबाहेर आहे. हे काही पु. लं.चं पाप नव्हे. पण त्या दोन लेखांवरून आपण लहान शहराचं जे चित्र मनात बनवतो त्यात तिथली सगळी माणसं तऱ्हेवाईक, मजेशीर आणि साधारण साठीच्या पुढची असतात. चाळीस वर्षांची, रोज शाळेत जाऊन गणित शिकवणारी, सरळ स्वभावाची बाई त्यात बसत नाही. तिच्यावर ध्वनिफीत निघत नाही.

परतीच्या तिकिटाची ही गोष्ट एकदा लक्षात आली की सगळीकडे दिसू लागते. भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील घ्या. 'बिढार' आणि 'हूल' १९७५ साली आल्या, 'जरीला' १९७७ साली, 'झूल' १९७९ साली. चार कादंबऱ्यांमध्ये हा इंग्रजीचा प्राध्यापक गावोगावच्या कॉलेजांत नोकऱ्या करत हिंडतो. 'कोसला' सगळ्यांनी वाचलेली असते, ह्या चार फार कमी जणांनी. माझा आग्रह आहे, की जे लहान शहरातल्या कॉलेजात शिकले त्यांनी त्या वाचाव्यात. स्टाफरूम, संस्थाचालकांच्या मर्जी, जातींची गणितं, भाड्याच्या खोल्या, घरमालकांच्या चौकशा, परीक्षांच्या काळातली धांदल हे सगळं त्यात इतकं तपशीलवार आहे, की आपल्या सरांच्या तोंडावर तेव्हा तो थकवा का असायचा ते वीस-तीस वर्षांनी कळतं. पु. ल. ज्या घराच्या ओसरीवर बसून गप्पा मारतात, त्या घराच्या आत नेमाडे शिरतात. आतली हवा कोंदट आहे. लहान शहरात कुणीही अनोळखी नसतं ह्याचं आपण कौतुक करतो. त्याची दुसरी बाजू अशी, की तुमची जात, पगार आणि लग्नाचं काय झालं हे वाण्यालाही माहीत असतं. ही बाजू नेमाड्यांनी लिहिली. पण चांगदेवही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा. एका गावात जीव नकोसा झाला की तो उठतो आणि पुढच्या गावाला जातो. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचं पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही.

अपवाद म्हणून जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव सांगावंसं वाटतं. जन्म बेळगावचा, नोकरी धारवाडला, तिथल्या कॉलेजात साधारण तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक मेळाव्यांपासून ते लांब राहिले आणि लांब राहण्यातच त्यांची पत होती. राहणाऱ्या माणसानं लिहिलेलं असं काही हवं असेल तर ते इथे मिळेल असं वाटतं. पण जी. एं.ना शहरापेक्षा नियतीत जास्त रस. त्यांच्या कथांतली गावं बऱ्याचदा पृथ्वीवरची राहत नाहीत. त्यांच्या मागे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माणसे: अरभाट आणि चिल्लर'मध्ये जुन्या आठवणींतलं गाव आहे, आणि ते सुंदर आहे, पण ते लहानपणचं गाव आहे. त्यात नोकरी नाही, कर्ज नाही, आजारी वडील नाहीत. लहानपणचं गाव सगळ्यांचंच सुंदर असतं. आपणही स्मरणिकेत दरवर्षी तेच लिहितो. (मीही दोनदा लिहिलं आहे, एकदा भडंगावर.)

आता सिनेमाकडे येतो, कारण मुलांना पुस्तकं वाचायला सांगून उपयोग होत नाही. अविनाश अरुण ह्यांचा 'किल्ला' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षकांनी त्याला पारितोषिक दिलं, आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि २०१५ साली थिएटरात आला. गोष्ट छोटी आहे. वडील गेलेला चिन्मय आपल्या आईबरोबर पुण्याहून कोकणातल्या एका लहान गावी येतो, कारण आईची सरकारी नोकरी बदलीची. आई झालेली अमृता सुभाष आणि मुलगा झालेला अर्चित देवधर दोघंही कुठे अभिनय करताहेत असं वाटत नाही. मुलाला गाव नको आहे. त्याला पुणं हवं आहे. वर्गात बंड्या नावाचा एक वांड मुलगा आणि त्याची टोळी भेटते, पार्थ भालेराव ह्या मुलानं बंड्या असा केला आहे की आपल्या प्रत्येकाच्या वर्गातला एकेक बंड्या समोर उभा राहतो.

ह्या सिनेमातला किल्ल्याचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन. पोरं सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय आत एकटा राहतो. हाका मारतो, कुणी नाही. बाहेर येतो तर मित्र निघून गेलेले. नव्या गावात आलेल्या माणसाची पहिली खरी भीती ही असते, की आपण हाका मारू आणि इथे आपलं कुणीच नसेल. देश सोडून आलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात, गाडी बर्फात रुतलेली असताना, आपण प्रत्येक जण त्या किल्ल्यात उभे होतो.

दिग्दर्शकानं छायाचित्रण स्वतः केलं आहे. पाऊस, समुद्र, लाल माती फार देखणी दिसते. इथे माझी थोडी कुरकुर आहे. गाव इतकं सुंदर टिपलं आहे, की आईला कचेरीत जो त्रास होतो, बाई म्हणून आणि नवखी म्हणून तिला जे एकटं पडावं लागतं, ते त्या हिरव्या रंगात थोडं विरघळून जातं. पण ही कुरकुर लहान आहे. मोठी गोष्ट शेवटाची. गाव आवडू लागतं, मित्र मित्र होतात, आणि आईची पुन्हा बदली होते. आपले डोळे भरून येतात, आपण चिन्मयसाठी रडतो. बंड्यासाठी कोण रडतं? बंड्या तिथेच राहणार आहे. पुढच्या वर्षी आणखी एखाद्या साहेबाचा मुलगा पुण्याहून येईल, त्याच्याशी मैत्री होईल, तोही जाईल. असे चार-पाच चिन्मय येऊन गेल्यावर बंड्याचं काय होतं, हा सिनेमा मला पाहायचा आहे, आणि तो कुणी काढत नाही. कॅमेरा दर वेळी बदली झालेल्या माणसाबरोबर निघून जातो.

असा सिनेमा मला शेवटी मिळाला तो मराठीत नाही, आणि ज्या गावाबद्दल आहे ते सांगलीपासून अर्ध्या पृथ्वीवर. म्हणजे कोलंबस, इंडियाना. मी इथे राहतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे गाव माहीत आहे, कारण कमिन्स कंपनी १९१९ साली इथे सुरू झाली आणि १९६२ पासून तिचा पुण्याशी संबंध. कोथरूडातून निघालेला इंजिनिअर शिकागो किंवा न्यूयॉर्क मनात धरून विमानात बसतो आणि उतरल्यावर त्याला मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून तासभर गाडीतून आणून ह्या सुमारे ५० हजार वस्तीच्या गावात सोडतात. त्याचा पहिल्या आठवड्यातला चेहरा मी ओळखतो. माझाही तसाच होता, फक्त मी सांगलीचा असल्यामुळे तीन आठवड्यांत सावरलो.

ह्या गावाचं एक वेगळेपण आहे. कंपनीचे जे. अर्विन मिलर ह्यांच्या डोक्यातून निघालेल्या योजनेनुसार, गावातल्या शाळा, अग्निशमन केंद्रं अशा सार्वजनिक इमारतींसाठी चांगला वास्तुरचनाकार नेमला तर त्याची फी कंपनीची संस्था भरू लागली. त्यामुळे एका शेतकी जिल्ह्याच्या ठिकाणी जगातल्या मोठमोठ्या रचनाकारांच्या इमारती उभ्या आहेत. एलिएल सारिननचं १९४२ सालचं चर्च त्या योजनेच्याही आधीचं, त्याचा मुलगा इरो सारिननची काचेची बँक १९५४ सालची, आय. एम. पै ह्यांचं विटांचं ग्रंथालय १९६९ सालचं. मी ह्या ग्रंथालयात पंधरा वर्षं मुलांना घेऊन जात होतो. इमारतीकडे मान वर करून पाहिलं ते २०१७ नंतर. कारण त्या वर्षी कोगोनाडा ह्या दिग्दर्शकाचा 'कोलंबस' आला.

त्याची नायिका केसी (हेली लू रिचर्डसन) ह्याच ग्रंथालयात काम करते. शाळा संपून वर्ष झालं आहे, हुशार आहे, बरोबरीची मुलं शिकायला बाहेर गेली. ती गेलेली नाही, कारण आई व्यसनातून नुकती कुठे बाहेर येते आहे आणि तिला एकटं सोडायचा केसीला धीर होत नाही. आई कामावर आहे म्हणते आणि केसी फोन करून खात्री करून घेते. दुसऱ्या बाजूनं जिन (जॉन चो) नावाचा माणूस कोरियाहून येतो. त्याचे वडील वास्तुकलेचे अभ्यासक, इथे व्याख्यानाला आलेले असताना कोसळले, आता बेशुद्ध आहेत. वडिलांशी त्याचं फारसं बरं नव्हतं. ते शुद्धीवर येईपर्यंत किंवा जाईपर्यंत त्याला ह्या गावात अडकून पडणं भाग आहे. तिला जाता येत असून ती राहते आहे, त्याला राहायचं नसून जाता येत नाही. दोघं गावभर फिरतात, इमारती पाहतात, सिगरेट ओढतात, बोलतात. बाकी काही घडत नाही. ज्यांना घडणारे सिनेमे आवडतात त्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये.

एक प्रसंग मात्र मी विसरणार नाही. केसी एका इमारतीसमोर उभी राहून गाईडसारखी माहिती देते: कधी बांधली, कुणी बांधली. जिन तिला अडवतो. माहिती नको, तुला ही का आवडते ते सांग. ती विचार करते आणि बोलायला लागते. तेवढ्यात कॅमेरा काचेच्या आतून तिच्याकडे बघू लागतो आणि तिचा आवाज बंद होतो. तिचे ओठ हलतात, हात हलतात, चेहरा उजळतो, आणि आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हा दिग्दर्शकाचा आगाऊपणा वाटला. आता वाटतं, की लहान शहरात राहिलेल्या माणसाबद्दल इतकं खरं मी कुठे पाहिलेलं नाही. गावाची माहिती तो कुणालाही सांगतो. सांगलीचा माणूसही सांगेल: १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक इथे सुरू झालं, हळदीची बाजारपेठ एवढी मोठी, कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पण तू इथे का राहिलास, तुला इथलं काय धरून ठेवतं, ह्याचं उत्तर द्यायला तो तोंड उघडतो तेव्हा काचेपलीकडच्या आपल्याला ऐकू येत नाही.

कारण आपण विचारतो तो प्रश्न तो नसतोच. आपला प्रश्न ठरलेला आहे: अजून इथंच? केसीला सगळे तेच विचारतात. तू इतकी हुशार, तू इथे काय करतेस? सगळे प्रेमानं विचारतात. सांगलीतही बारावीचा निकाल लागला की चांगल्या मार्कांच्या मुलाला लोक पेढा देतात आणि त्याच दमात पुण्याला कधी निघणार ते विचारतात. राहणं म्हणजे काहीतरी चुकलं, हे गावच मुलांना शिकवतं. मोठ्या शहरात हुशार माणूस नुसता राहू शकतो. लहान शहरात त्याला राहण्याचं कारण द्यावं लागतं, आणि आजारी माणूस घरात असणं हे एकच कारण सगळ्यांना पटतं.

'कोलंबस'मध्ये उणं काय आहे तेही सांगायला हवं. दिग्दर्शकानं गाव रिकामं करून टाकलं आहे. त्या फ्रेम्समध्ये वॉलमार्टची गर्दी नाही, शाळेच्या बास्केटबॉलचा आरडाओरडा नाही, आणि आपण तर नाहीच. इतकी भारतीय कुटुंबं ह्या गावात आहेत, पण गणपतीची मिरवणूक सोडा, किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा एक भारतीय चेहरा लक्षात राहत नाही. २००८ सालच्या जूनमध्ये इथे पूर आला, हॉस्पिटल रिकामं करावं लागलं, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्यानं आमच्या वरच्या मजल्यावर तीन रात्री काढल्या आणि चौथ्या दिवशी आमटीची कृती मागितली. गाव मला त्या आठवड्यात आपलं वाटलं, सारिननच्या चर्चमुळे नव्हे. सिनेमातलं कोलंबस देखणं आहे, पण तिथे कुणाच्या तळघरात कधी पाणी शिरलं असेल असं वाटत नाही. 'किल्ला'बद्दल जी कुरकुर केली तीच पुन्हा करावी लागते: सुंदर दिसणाऱ्या गावात दुःखही नीटनेटकं दिसतं.

आणि शेवट. इथे सिनेमा वळतो आणि पुन्हा आपल्या ठरलेल्या रस्त्याला लागतो. केसी शेवटी शिकायला निघून जाते. जिन वडिलांसाठी थांबतो. अदलाबदल सुरेख आहे, समीक्षकांनी तिचं कौतुक केलं. पण एवढं सगळं करून, राहणाऱ्या मुलीला पहिल्यांदा मध्यभागी आणूनसुद्धा, गोष्ट पुरी होण्यासाठी तिला गावाबाहेर पाठवावंच लागतं. तिनं राहायचं ठरवलं असतं तर? त्या शेवटाला आपण काय म्हटलं असतं? वाया गेली, असंच ना?

हे मी अगदी ठामपणे बोलतो आहे खरा, पण ह्यातलं अर्धं ताईचं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ती दोन महिने आमच्याकडे आली होती. निवृत्त झाली होती. त्याआधीची बत्तीस वर्षं तिनं सांगलीत गणित शिकवलं. मी पुण्याला गेलो त्याच वर्षी तिलाही पुण्यात नोकरी लागली होती आणि त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. ती गेली नाही. आमच्या घरात ह्यावर कधी चर्चा झाली नाही. "ताईला सांगलीच आवडते," असं आम्ही सगळे म्हणत आलो, आणि कदाचित ते खरंही असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

मी तिला गाव दाखवलं. ग्रंथालयासमोर हेन्री मूरची ती मोठी हिरवट कमान आहे, तिच्याखाली ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या घाटावर असती तर पोरांनी वर चढून उड्या मारल्या असत्या." मिलरसाहेबांच्या नावात अर्विन आहे हे ऐकून तिला फार मजा वाटली, आयर्विन पुलावरून आम्ही दोघं सायकलीनं शाळेला जायचो. (पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्याच पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. ताई नऊ दिवस शाळेच्या इमारतीत होती, आणि फोन लागला तेव्हा तिथल्या मुलांचे गणिताचे तास घेत होती.)

परतायच्या आदल्या रात्री मी तिला 'कोलंबस' दाखवला. वाटलं होतं, मध्येच झोपेल. खाली इंग्रजी अक्षरं लावून दिली आणि ती चष्मा सावरत शेवटपर्यंत पाहत राहिली. मला काय काय सांगायचं होतं: तो आवाज बंद होण्याचा प्रसंग, जिन आणि केसीची अदलाबदल, परतीच्या तिकिटाचा माझा सिद्धान्त. दिवा लावला तेव्हा ती अजून पडद्याकडेच बघत होती.

"पोरगी शिकायला गेली, चांगलंच झालं," ती म्हणाली. "पण तिच्या आईकडं आता कोण बघतंय?"

मी म्हटलं, "ते सिनेमात दाखवलेलं नाही."

"हां," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलून आत गेली.